तिसऱ्या गिअरचे जजसाहेब

मानवजातीची प्रगती चाकाच्या शोधामुळे झाली, असं शाळेच्या पुस्तकांत छापलेलं असतं. ते अपुरं आहे. चाक काय, उतारावर आपोआप जातं. त्यात माणसाचं कर्तृत्व काही नाही. चढावर नेतो तो गिअर. सबब संस्कृतीचा खरा पाया गिअर हाच होय, असा सिद्धांत गुणवंतराव दोनाडकर यांनी वडशाच्या पंचायत समितीत, आस्थापना शाखेच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून मांडला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, की त्याच सकाळी गुणवंतरावांच्या पिकअपचा तिसरा गिअर अकराव्यांदा सुटला होता आणि संस्कृतीचा पाया या घडीला आरमोरीच्या रस्त्यावर एका पळसाखाली उभा होता.

'गुणवंतरावांची पिकअप' हेही तसं चूकच. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, सरकारी नोकराच्या बायकोला येतो. त्यामुळे कागदोपत्री ही डिझेल पिकअप, तिची चार चाकं, पाच गिअर आणि मागच्या फळीवर रंगवलेला वाघ हे सगळं गुणाबाईंच्या मालकीचं होतं. बेतही गुणाबाईंचाच. दिवाळी ते होळी झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, नाटक कंपन्या सगळ्या वडशात, आणि प्रत्येक कंपनीला पडदे, राजवाडा, तुरुंग, दिवे आणि भोंगे रोज नव्या गावी पोचवायचे असतात. ते काम गुणाबाईंनी एका कंपनीकडून पूर्ण हंगामासाठी घेतलं. होळीनंतर धानाची वाहतूक. बाई हिशेबी. गुणवंतरावांना या धंद्यात फक्त अभिमान वाटून घ्यायचा होता, आणि तो त्यांनी गाडी दारात आल्यापासून पूर्णवेळ सुरू केला होता.

रोगाचं लक्षण एकच. पहिला गिअर सरळ. दुसरा गिअर सज्जन. गाडी चाळिशीला आली, लटारू ड्रायव्हरनं तिसरा टाकला, की थोडा वेळ सगळं गोडीगुलाबीनं चालायचं. मग रस्त्यात एखादा खड्डा यायचा, खालून 'खट्ट' असा आवाज व्हायचा आणि गिअरचा दांडा आपला आपण उठून मधल्या जागेवर येऊन उभा राहायचा, सभेतून रागावून उठलेल्या माणसासारखा. इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र थंड.

"सायेब, गिअर आला," लटारूनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं.

"कुठून आला?"

"आपल्या जाग्यावरून."

"मग परत पाठव."

"पाठवला होता जी. परत आला."

कुणी म्हणेल, तिसरा नाही तर चौथा टाका. हे म्हणणारा माणूस नागपूरच्या पलीकडचा असला पाहिजे. चौथा आणि पाचवा हे गिअर मोकळ्या, सपाट रस्त्याचे. पहिला-दुसरा चिखलाचे. झाडीपट्टीतला रस्ता हा मूळ स्वभावानं तिसऱ्या गिअरचा आहे. वळण, खड्डा, थोडा चढ, पुढे बैलबंडी. आणि मध्यमवर्गीय माणसाचं सारं आयुष्यही, गुणवंतरावांच्या मते, तिसऱ्या गिअरातच जातं. त्यामुळे हा गिअर सुटणं त्यांनी जरा मनाला लावून घेतलं.

कुलदीप मिस्त्रीनं गिअरबॉक्स दोनदा खोलला. कुलदीप नव्या काळातला मिस्त्री. तो हातानं कमी आणि मोबाईलनं जास्त दाखवतो. त्यानं गिअरबॉक्सच्या पोटातले एकोणीस फोटो गुणवंतरावांना पाठवले. "हे पाहा सायेब, दात. हा दात पाहा. याच्या बाजूचा पाहा." गुणवंतरावांनी ते फोटो जेवताना पाहिले आणि स्वतःच्या खालच्या दाढेला जिभेनं चाचपून पाहिलं. दोनदा खोलून, दोनदा लावून, दोनदा ऑईल बदलून झाल्यावर कुलदीपनं हात पुसले आणि निदान सांगितलं.

"गाडीले बिमारी काईच नाई जी. तिले सवय पडली."

सवयीला औषध नसतं हे गुणवंतराव खात्यातल्या अनुभवावरून जाणून होते. पण शेजारीपाजारी ऐकतात थोडेच. कुणी म्हणालं ऑईल जाड घाला, कुणी म्हणालं पातळ घाला. मागच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी गाडी न पाहताच सांगितलं की दोष क्लचचा आहे, आणि गाडी पाहिल्यावर सांगितलं की दोष रंगाचा आहे. शेवटी शेजारचे बापूराव रामटेके कुंपणापाशी आले. बापूरावांनी तीस वर्षं यष्टी चालवलेली. ते सल्ला देत नाहीत, निकाल देतात.

"गुणवंतभाऊ, यष्टीत लागायच्या आंधी मी बांबूचा ट्रक चालवत होतो," बापूराव म्हणाले. "त्याचा चौथा गिअर असाच येत होता. तीन वर्षं माह्या क्लीनरनं धरून ठेवला."

"काय धरून ठेवला?"

"गिअर! डाव्या सीटवर बसाचं, दांड्यावर हात ठेवाचा, अन् त्याले येऊ नाई द्याचं. त्याचं लगन बी गिअर धरता धरताच जमलं. पोरगी पाहाले गेलो, तर तो चहाचा कप डाव्या हातानं घे. उजवा मुठीसारखा वळलेलाच. सासरा म्हणे, पोरगा कष्टाळू दिसते."

तर गिअर धरायला माणूस हवा. पहिल्या दिवशी स्वतः बापूराव बसले. आरमोरीपर्यंत ठीक, पुढे ऊन लागलं, वारा लागला, बापूरावांना झोप लागली. गिअर आला तो थेट त्यांच्या गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी कंपनीतला एक खलनायक बसला. त्यानं गिअर असा काही दाबून धरला की लटारूला तो बदलताच येईना, आणि वैनगंगेच्या पुलापासून गडचिरोलीपर्यंत गाडी रडत गेली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. गुणवंतराव स्वतः बसले.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. गुणवंतरावांना हात होता.

सत्तावीस वर्षं ज्या माणसानं आस्थापना शाखेत फायली न सोडता, न रोखता, नुसत्या धरून ठेवल्या, त्याच्या पंजात एक समज आलेली असते. गिअर सुटण्याच्या आधी दांडा किंचित थरथरतो. ती थरथर लटारूला कळत नव्हती, कुलदीपच्या मोबाईलला कळत नव्हती. गुणवंतरावांच्या तळहाताला कळली. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. घरी आलेला पाहुणा 'निघतो आता' म्हणतो आणि आपण 'बसा हो, चहा टाकलाय' म्हणून त्याचा हात धरतो, तसं धरायचं. त्या रविवारी साठ किलोमीटरांत गिअर एकदाही आला नाही.

"सायेब," लटारू म्हणाला, "तुमचा हात म्हणजे हात आहे जी."

नोकरीत इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. गुणवंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याकडेची सागाची झाडं भराभरा मागे जात होती, सगळी तिसऱ्या गिअरात.

आता रोज जायचं म्हणजे दुपारनंतरची रजा हवी. गुणवंतराव खोटं कारण लिहिणाऱ्यांतले नव्हते. खोट्या कारणांचे अर्ज त्यांनीच आयुष्यभर तपासले होते. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'विषय – पत्नीच्या मालकीच्या वाहनाचा तिसरा गिअर धरण्याकरिता अर्ध्या दिवसाच्या रजा मिळणेबाबत.' अर्ज शेरा घेऊन परत आला: 'गिअर धरणे हा खाजगी व्यवसाय आहे काय? खुलासा करावा.' गुणवंतरावांनी खुलासा केला: 'गिअर धरणे हा व्यवसाय नसून कौटुंबिक जबाबदारी आहे.' पुन्हा शेरा: 'सदर गिअर कायमस्वरूपी दुरुस्त करण्याबाबत काय कार्यवाही केली?' त्यांनी कुलदीपचे एकोणीस फोटो छापून, अनुक्रमांक घालून, प्रत्येक दातावर सही करून जोडले. साहेबांनी बहुधा चार-पाच दातांपर्यंत दम धरला असावा. रजा मंजूर झाली.

खरी घटना घडली ती पुढच्या आठवड्यात, जंगलातल्या एका नाक्यावर.

कंपनीच्या नाटकाचं नाव होतं 'कुंकवाला लागली वाळवी'. त्याच्या दुसऱ्या अंकात एक झाड आहे. नायिका त्याच्या बुंध्याला कवटाळून रडते. झाड प्लायचं; पण कंपनीचे मालक नानाजी हे तपशिलाचे भोक्ते, त्यांनी त्यावर खऱ्या सागाची साल डकवून घेतली होती. पिकअप नाक्यावर थांबली, मागे कंपनीची बस थांबली, आणि वनरक्षकानं ताडपत्री उचलली.

"सागवान," तो म्हणाला. "वाहतूक परवाना दाखवा."

नानाजी बसमधून धावत आले. "साहेब, नाटकातलं झाड आहे जी हे!"

"नाटकातलं असो का घरचं असो, साल सागाची आहे."

"आत प्लाय आहे."

"मंग प्लायचा परवाना दाखवा."

"प्लायचा परवाना राहत नाई ना जी!"

"मंग सालीचा दाखवा."

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एक कागद हवा होता. तिकडे गावात मंडप लागलेला, ऊन उतरायला आलेलं, आणि झाड नसेल तर नायिकेनं रडायचं कशाला कवटाळून? नानाजींनी कपाळ धरलं. तेव्हा पिकअपचं डावं दार उघडलं आणि गुणवंतराव खाली उतरले. त्यांनी एक कोरा कागद मागितला. बॉनेटवर ठेवून तीन मिनिटांत लिहिला. आणि मग, कागद हातभर लांब धरून, आस्थापना शाखेत पंख्याच्या आवाजावर मात करण्यासाठी कमावलेल्या आवाजात वाचला:

"प्रमाणित करण्यात येते की, सदर वाहनातील झाड हे झाड नसून झाडाचा देखावा आहे. त्यास मुळे, पाने व फळे नाहीत. यापुढे त्याची वाढ होण्याचा संभव नाही. सबब, समोर आलेले सर्व पुरावे व परिस्थिती लक्षात घेता, सदर झाडास निर्दोष समजून पुढे जाण्यास मुक्त करण्यात येत आहे!"

'मुक्त करण्यात येत आहे' हे शब्द पलीकडच्या बांबूच्या बेटावर आपटून परत आले. बसच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. वनरक्षक नकळत सावधान उभा राहिला होता. त्यानं कागद घेतला, दोनदा वाचला, आणि म्हणाला, "याची एक नक्कल मले पाह्यजे साहेब. असा कागद आजपावतर नाई पाह्यला."

नानाजी मात्र गुणवंतरावांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. बैलबाजारात चांगला गोऱ्हा दिसल्यावर शेतकरी बघतो तसं.

"दोनाडकरजी, ते 'मुक्त करण्यात येत आहे' एकदा अजून म्हणा बरं."

गुणवंतरावांनी म्हटलं.

"आता आरोपीले म्हणा."

"कोणत्या आरोपीला?"

"तिसऱ्या अंकातल्या. आमचा जज पोरीच्या लगनासाठी गावी गेला जी, तो काई होळीपावतर येत नाई. बसमंदी त्याच्या जाग्यावर सामान भरलं, आता नवा माणूस घ्याले जागा नाई. तुमी त गिअरासाठी येताच. कोट देतो, चष्मा देतो. चार ओळी आहेत. करान का?"

गुणवंतरावांच्या छातीत 'खट्ट' असा आवाज झाला. लहानपणापासून थंडीत गोधडी घेऊन मैदानात नाटकं पाहिलेला माणूस. पहिल्या रांगेच्या पुढे कधी गेला नाही. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती: आपल्याला जे हवं आहे ते हवंय असं कधी दाखवायचं नाही.

"मला काही हौस नाही," ते म्हणाले. "पण गिअरसाठी यावंच लागतं, तर तेवढं करीन."

हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगं आहे. गुणवंतरावांनी ते पुढच्या चार आठवड्यांत साठ-सत्तर माणसांना ऐकवलं.

पहिल्या प्रयोगाबद्दल ते स्वतः विशेष सांगत नाहीत. सांगण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावातल्या टपरीवर चहाला उभे राहिले, तर टपरीवाल्यानं बाकावरच्या दोघांना उठवलं. "उठा बे, जजसाहेब आले!" आरोपीला मुक्त करताना त्यांचा उजवा हात आपोआप पुढे येऊन मूठ वळून थरथरत राहिला होता. दिवसभर गिअर धरल्याचा परिणाम. प्रेक्षकांत बायकांनी डोळ्यांना पदर लावले. 'काय तो हात! न्याय देताना थरथरते!' टपरीवर त्या हाताचीच चर्चा होती. एकानं तो हळूच हातात घेऊनही पाहिला.

चहा संपायच्या आत मंगलीबाई नावाची म्हातारी जावेला घेऊन हजर झाली. मोहाचं झाड हिच्या अंगणात, फांदी तिच्या अंगणात. फुलं पडतात तिच्याकडे, वेचायला जाते ही. आठ वर्षांचं भांडण.

"मी खरा जज नाही हो बाई," गुणवंतराव म्हणाले.

"आमालेबी माहीत आहे बापा. तरी सांगून द्या."

गुणवंतरावांनी घसा साफ केला. "समोर आलेले सर्व पुरावे लक्षात घेता, फुलं अर्धी अर्धी."

"हे त मी पह्यलेच म्हणत होती," जाऊ म्हणाली.

"तुह्या म्हणण्यानं काय होते? जजानं म्हटलं पाह्यजे," मंगलीबाई म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दोघी एका वाटेनं घरी गेल्या.

मग काय विचारता! चार ओळींच्या सात झाल्या. गुणवंतरावांनी निकालात स्वतःची तीन 'सबब' घातली आणि नानाजींनी ती काढली नाहीत. चष्म्याची काडी सरळ करून घेतली. अंघोळीच्या वेळी दोनाडकरांच्या न्हाणीतून रोज कुणी ना कुणी निर्दोष सुटू लागलं. दुपारी दोनला ऑफिसातून निघायचं, डाव्या सीटवर बसायचं, दांडा मुठीत घ्यायचा. अर्ध्या रस्त्यात गिअर थरथरायचा आणि गुणवंतराव त्याला हळूच म्हणायचे, 'बसा हो.' इतकं तारुण्य त्यांना तरुणपणीही आलेलं नव्हतं.

"अवो," गुणाबाईंनी एका दुपारी विचारलं, "गिअर धराले जाता, तर अंगाले अत्तर कायले?"

"डिझेलचा वास येतो गाडीत."

"मंग कोपऱ्यात आरसा काऊन लावला गाडीच्या?"

"लटारूला मागचं दिसत नाही."

"तो त तुमच्या तोंडाकडे वळलेला आहे."

"हे बघ गुणा, मला काय हौस आहे का? गिअर आहे म्हणून जावं लागतं."

गुणाबाईंनी मान हलवली. नवऱ्यावर त्यांचा विश्वास होता. म्हणजे, तो काय बोलतो यावर नव्हे, तर तो जे बोलेल त्याला धरून बसेल यावर.

अशातच नानाजींनी पुढच्या तारखा सांगितल्या. शनिवार: पळसटोला, मंडईच्या जत्रेनिमित्त.

पळसटोला म्हणजे गुणाबाईंचं माहेर. तिथे गुणवंतरावांना सव्वीस वर्षांपासून एकच नाव होतं: मुका जावई. सासरी पाच मेहुणे, पाचही बोलके. एक बोलायचा थांबला की दुसरा सुरू. गुणवंतराव तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. 'जावई भला माणूस आहे हो, पण आवाज कसा आहे ते कोणाले माहीत नाई,' असं धाकटा मेहुणा दर दिवाळीला म्हणायचा आणि दर दिवाळीला सगळं घर हसायचं. त्या पाच मेहुण्यांपुढे, अख्ख्या गावापुढे, भोंग्यातून, सात ओळी! मधे कुणी बोलायला आलं तर 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणायचा अधिकार! गुणवंतरावांनी कॅलेंडरवर त्या शनिवारी पेन्सिलीनं एक लहानसा ठिपका दिला. कुणी विचारलं तर गॅस सिलिंडरचा आहे म्हणून सांगता येईल असा.

आणि नेमका त्याच आठवड्यात, सोमवारी, कुलदीप मिस्त्रीचा फोन आला.

"सायेब, खुशखबर! नागपूरवरून नवा तिसरा गिअर आला. गाडी आणा, संध्याकाळपावतर बसवून देतो. आता धराची कटकटच नाई!"

त्या क्षणी गुणवंतरावांना आपल्या परिस्थितीचं संपूर्ण, निखळ आकलन झालं. गिअर दुरुस्त झाला, तर धरणारा नको. धरणारा नको, तर सीट नको. सीट नाही, तर जज नाही. ज्या रोगासाठी त्यांनी दोन महिने गावभर सल्ले ऐकले, तोच रोग आता त्यांचा अन्नदाता होता. निदान शनिवारपर्यंत तरी त्याला काही होता कामा नये.

"गाडी बाहेरगावी आहे," ते म्हणाले.

"बाहेरगावी? सायेब, गाडी त माह्या दुकानासमोर उभी आहे. लटारू आलूबोंडा खाऊन राह्यला."

"ती... निघालीच आहे."

मंगळवारी त्यांनी फोन उचलला नाही. बुधवारी कुलदीप घरी आला तेव्हा ते न्हाणीत होते आणि एका आरोपीला सोडता सोडता त्यांनी आवाज बंद केला. गुरुवारी बापूरावांनी कुंपणावरून सांगितलं, "गुणवंतभाऊ, मी पाहून देऊ का एकदा खालून?" तर गुणवंतराव गाडीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. बापूरावांनी विचारलं, "गाडीच आहे ना भाऊ? का खाली काई लपवलं?"

शुक्रवारी सकाळी चामोर्शीकडच्या प्रयोगावरून कंपनी परत निघाली. मार्कंड्याच्या फाट्याजवळ चहाला गाडी थांबली. टपरीवर गर्दी, त्यातल्या चौघांनी रात्री नाटक पाहिलेलं. गुणवंतरावांभोवती लगेच कोंडाळं झालं. एकानं पाठीवर सही मागितली. म्हणजे पाठीवर कागद ठेवून. गुणवंतराव न्याय आणि दया यांतला फरक समजावून सांगत होते. पाव तास, वीस मिनिटं. मग त्यांचं लक्ष पिकअपकडे गेलं. गाडीखालून दोन माणसांचे चार पाय बाहेर आले होते.

दोन लटारूचे. दुसरे दोन सुकलूचे. सुकलू टपरीला लागूनच ट्रॅक्टरचं काम करणारा पन्नाशीचा मिस्त्री. तो सरपटत बाहेर आला आणि तळहाताएवढं एक काळं, फाटलेलं रबर त्यानं गुणवंतरावांच्या हातात ठेवलं.

"हे पाहा जी. गिअरबॉक्स ज्याच्यावर बसते ना, ते रबर. तुटून गेलं होतं. खड्डा आला का डब्बाच उडे, मंग गिअर जाग्यावर कायले राहीन बापा? गिअर चांगला आहे. कोणं खोलला हा कायले?"

"आणि आता?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नवं टाकलं. झालं काम."

"सायेबाले आश्चर्य द्याचं होतं," लटारू लाजत म्हणाला. "किती त्रास काढला जी तुमी."

गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. गुणवंतरावांनी सवयीनं दांड्यावर हात ठेवला.

"सोडून पाहा ना सायेब."

"नको. राहू दे."

"सोडा ना जी!"

त्यांनी एक बोट सोडलं. मग दुसरं. मग सगळा हात. समोर एक मोठा खड्डा आला. गुणवंतरावांनी डोळे मिटले आणि आशेनं वाट पाहिली. गाडी उडाली, तुरुंग खडखडला, झाड आपटलं. गिअर जागचा हलला नाही. चामोर्शी गेलं. गडचिरोली आलं. लटारू शिट्टी वाजवत होता. तेव्हा गुणवंतरावांनी तो हात पुन्हा दांड्यावर ठेवला आणि, कुणाला दिसणार नाही इतक्या बेतानं, तो मागे ओढून पाहिला. मग जरा जोरानं ओढून पाहिला.

"सायेब, गिअर काढून राह्यले का?"

"छे. बघत होतो."

"पक्का आहे ना?"

"पक्का आहे."

वडशात कंपनीच्या ऑफिसात लटारूनं बातमी आधीच पोचवली होती. नानाजी पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी गुणवंतरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सुटले एकदाचे तुमी, दोनाडकरजी! चार आठवडे नोकरी करून गिअर धरला. रोज म्हणत होते ना, हौस नाई, गिअरासाठी यावं लागते. मले फार वाईट वाटे जी."

"तसं काही..." गुणवंतराव म्हणाले.

"आता त्या सीटवर आमच्या राजदीपचा ऑर्गन ठेवतो. मागं धूळ जाऊन जाऊन त्याचे तीन सूर बसले. कवापासून रडून राह्यला." मागे उभ्या असलेल्या राजदीप ऑर्गनवाल्यानं कृतज्ञतेनं नमस्कार केला.

"आणि जज?" गुणवंतरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. फार सहज.

"पळसटोल्याचे सरपंच मांगं लागले होते, आमालेबी एखादं काम द्या म्हणून. गावचा माणूस स्टेजवर आला का गाव खूश. पुढं पुढं ज्या गावात जाऊ, त्या गावचा जज. असंच केलं पाह्यजे होतं पह्यलेपासून." नानाजी थांबले. जरा निरखून पाहत त्यांनी विचारलं, "का जी, तुमचं काई म्हणणं आहे का?"

 मधे बोलायला कुणी नव्हतं. गुणवंतरावांनी घसा साफ केला. चार आठवड्यांत बावीस आरोपी ज्या आवाजानं सोडले, तो आवाज छातीत भरून वर आला, गळ्यापर्यंत आला. आणि मग त्यांना ती साठ-सत्तर माणसं आठवली, ज्यांना त्यांनी आपल्याला हौस नसल्याचं सांगितलं होतं. साहेब. बापूराव. गुणाबाई.

"नाही हो," ते म्हणाले. "माझं काय म्हणणं असणार?"

शनिवारी गुणवंतराव आणि गुणाबाई दुपारच्या यष्टीनं पळसटोल्याला गेले. जावई म्हणून त्यांना पहिल्या रांगेत, पाच मेहुण्यांच्या बरोबर मधे खुर्ची मिळाली.

पिकअप ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोचली होती.